बाप्तिस्मा झालेली बकरी

बकरीचा बाप्तिस्मा झाला, तर पुढे ती कापून खाता येते का? या प्रश्नावर एका चर्चच्या पंचांनी दोन रविवार बैठक घेतली आणि मी त्या बैठकीला हजर होतो. बकरीही हजर होती. एक पंच दोन्ही वेळा आले नाहीत, त्यामुळे बकरी त्यांच्यापेक्षा नियमित आहे, असं बैठकीत कुणीतरी बोलूनही दाखवलं.

ही गोष्ट मी दुबईला आल्यापासून सांगतोय. वाढदिवसाला सांगितली, घरोघरी प्रार्थना झाल्यावर चहाबरोबर सांगितली, एकदा मेट्रोत उभ्याउभ्या सांगितली आणि ऐकणारा माणूस आपलं स्टेशन सोडून पुढच्या स्टेशनला उतरला. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसचे लेबनानी साहेब नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना माझं पद सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, "यल्ला हबीबी, बकरी." म्हणजे चल दोस्ता, होऊन जाऊ दे बकरी. मग मी सुरू होतो.

तर पूर्व आफ्रिकेतलं एक गाव. गावाला एक नदी. बाप्तिस्मा द्यायला पाळकसाहेब काही महिन्यांतून एकदा मोटरसायकलवरून येत. वय झालेलं, नजर अधू, आणि नदीत पडेल म्हणून चष्मा काठावर काढून ठेवायची सवय. गुडघाभर पाण्यात उमेदवारांची रांग. मी मिशनच्या शाळेचा मास्तर, म्हणून रांग सरळ ठेवायचं काम माझं. गावप्रमुखाने आम्हाला स्वागताला दिलेली बकरी माझ्या मागे कुठेही यायची, तशी ती त्या दिवशी पाण्यातही आली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, एक हात आकाशाकडे केला, दुसरा हात पुढच्या डोक्यावर ठेवला, आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने जे बुडवलं ती बकरी. वर आल्यावर तिने अंग असं झटकलं की मागचा उमेदवार नखशिखांत भिजला आणि आता मला वेगळं बुडवायची गरज नाही, असं म्हणून काठाकडे निघाला.

पंचांचा निकाल असा लागला की बकरी खाता येणार नाही. मात्र तिने दर रविवारी उपासनेला आलं पाहिजे. ती आलीही. मरेपर्यंत आली. दारातल्या सावलीत बसायची आणि गाण्यांचे कागद खायची.

हे सांगताना मी पाळकसाहेब होतो, बकरी होतो, तो भिजलेला उमेदवारही होतो. अभिनय रक्तातच आहे. माझे वडील नगर जिल्ह्यातले कीर्तनकार. ख्रिस्ती कीर्तनकार. पेटी, झांजा, फेटा, सगळं इतर कीर्तनात असतं तेच. आख्यान तेवढं बायबलातलं. वडिलांचा एक नियम होता. पूर्वरंगात लोकांना हसवायचं, कारण हसणाऱ्या माणसाचं तोंड उघडं असतं. उत्तररंगात त्या उघड्या तोंडात औषध टाकायचं. मागायचं ते तेव्हा मागायचं: पश्चात्ताप मागा, मन मागा, शाळेला कौलं मागा, लोक देतात. वडिलांनी कौलं मागून अख्खी शाळा शाकारली होती.

मी आफ्रिकेला गेलो तो मात्र कीर्तनामुळे नाही. मिशनला नर्स हवी होती. माझी बायको नर्स. नवरा बरोबर येणार असेल तर त्यालाही काहीतरी काम देऊ, असं मिशनने कळवलं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिने एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता विचारलं, जायचं का. मी म्हटलं, आफ्रिकेत माझ्या आवाजाला मैदान मिळेल. इतक्या थिल्लर कारणासाठी मिशन सेवेत गेलेला दुसरा माणूस निघेल का, मला शंका आहे.

दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक ओसरी. बायकोच्या हाताखाली गावातलीच एक विधवा बाई कामाला होती. तिकडे मोठ्या बाईला मानाने मामा म्हणतात. नगरला आम्ही फोटो पाठवला तेव्हा माझ्या आत्याने विचारलं, हे मामा लुगडं का नेसलेत. या मामाला बायकोने सगळं शिकवलं: टाके घालणं, सलाईन लावणं, अडलेली बाळंतीण ओळखणं. आमची मुलगी त्याच खोलीत झाली आणि तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते मामाने. मुलगी जेमतेम दोन वर्षांची असताना आम्ही निघालो. दुबईत दोन वर्षं काढू आणि मग बघू, असं ठरवून आलो. इथे येणारा प्रत्येक जण दोनच वर्षांसाठी येतो. आता आम्ही अल बर्शात राहतो, मुलगी इथल्या एका हॉस्पिटलात आयसीयू नर्स आहे, आणि बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती फार वेळ उभी राहू शकत नाही.

मामा मात्र दवाखाना चालवत राहिली. महिन्याकाठी तिचा व्हॉट्सॲपवर आवाज येतो. इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाहीत, म्हणून आम्ही एकमेकांना बोललेलं पाठवतो. तिकडे नेटवर्क मिळवायला मामाला गावाबाहेरच्या वारुळावर चढावं लागतं. माणसापेक्षा उंच वारूळ असतं ते. त्यामुळे तिच्या प्रत्येक निरोपाची सुरुवात धापा टाकण्याने होते आणि मागून वारा वाहत असतो.

यंदा उन्हाळ्यात आलेला निरोप बायकोने स्वयंपाकघरात लावला. मामाने आधी बकऱ्यांची, मग मक्याची, मग माझ्या आवाजाची चौकशी केली. मग सांगितलं की सरकारी माणूस आला होता. आता नियम झाला आहे की दवाखान्यात परवाना असलेली नर्स हवी. मामाकडे परवाना नाही आणि तिला आता नीट दिसतही नाही, सुईत दोरा शेजारीण ओवून देते. मिशनकडे पाठवायला कुणी नाही. पावसाआधी कुणी नर्स आली नाही तर कुलूप लागणार. आणि पावसात नदी भरली की जिल्ह्याच्या हॉस्पिटलला जाता येत नाही, हे तिने आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला माहीत होतं.

निरोप संपल्यावर बायको म्हणाली, "एक वर्षासाठी कुणी गेलं तरी मिशनला दम खायला वेळ मिळेल. एकच वर्ष. एकच नर्स."

आता गंमत बघा. दुबईत नर्सची कमतरता आहे का? आमच्या मराठी मंडळीत चार माणसांमागे एक नर्स आहे. नगरच्या, मिरजेच्या, जालन्याच्या मिशन हॉस्पिटलांत शिकलेल्या बाया. आमच्या महिन्याच्या उपासनेत पुढच्या दोन रांगा त्यांच्याच असतात. मी त्याच दिवशी मंडळीच्या सेक्रेटरींना फोन केला आणि म्हटलं, पुढच्या महिन्यात माझं कीर्तन लावा. ते इतके खूश झाले की त्यांनी मला ग्रुपवर नमस्कार करणारे दोन हात आणि एक बकरी पाठवली.

मी तयारी केली. वडिलांच्या झांजा कपाटातून काढून चिंचेने घासल्या. पूर्वरंग तयारच होता, वर्षानुवर्षं घोटलेला. उत्तररंग मी मुद्दाम लिहून काढला, कारण तो मी आजवर कुणापुढे केलाच नव्हता. त्यात मामा होती, वारूळ होतं, सुई होती, नदी होती. बायकोला वाचून दाखवला. तिने ऐकला आणि एवढंच म्हटलं की हसवण्यात फार वेळ घालवू नका.

आमची उपासना ज्या आवारात होते तिथे एका इमारतीत अनेक खोल्या आणि प्रत्येक खोलीत दर दोन तासांनी नवी भाषा. मल्याळम निघते, तमिळ शिरते, तमिळ निघते, फिलिपिनो शिरते. दाराबाहेर वेळापत्रक लावलेलं असतं आणि ते बायबलाच्या खालोखाल पाळलं जातं. त्या दिवशी सुरुवातीची गाणी लांबली, मग बाहेरगावी जाणाऱ्या एका कुटुंबासाठी प्रार्थना झाली, मग सूचना झाल्या, मग सूचनांवर सूचना झाल्या. अखेर मी फेटा बांधून उभा राहिलो आणि झांज वाजवली.

काय रंगलं म्हणून सांगू! मी पाळकसाहेबांचा चष्मा काठावर ठेवला तेव्हाच पुढच्या रांगेत खसखस पिकली. मी बकरी होऊन पाण्यात उतरलो तेव्हा पेटीवाल्याने पेटी सोडून तोंडाला रुमाल लावला. मिरजेची एक थोराड सिस्टर, आयसीयूची इनचार्ज, एरवी जिच्यापुढे डॉक्टर हळू बोलतात, ती शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके दिल्यासारखी हसत होती. अशा वेळी माणूस थांबतो का? मी आधी कधीही न सांगितलेलं त्यात घातलं. पंचांच्या बैठकीत बकरीच्या बाजूने वकील उभा केला. बकरीची साक्ष काढली. वडील म्हणायचे की सभा हातात आली की सोडू नये, आणि माझ्या हातात आयुष्यात इतकी सभा कधी आली नव्हती.

मी घाम पुसला, झांज खाली ठेवली, आवाज उतरवला आणि म्हटलं, "आता उत्तररंग."

दारावर टकटक झाली. दार उघडलं तर बाहेर पुढची मंडळी उभी होती. पश्चिम आफ्रिकेतली. पांढरेशुभ्र कपडे, हातात ढोल, आणि आत इतकं काय चाललंय या कुतूहलाने सगळ्यांचे चेहरे फुललेले. त्यांच्यातला ढोलवाला अगदी प्रेमाने म्हणाला, "ब्रदर, टाइम." माझी आफ्रिका खऱ्या आफ्रिकेने बाहेर काढली. त्यावर आमची मंडळी पुन्हा हसली, खुर्च्या सरकल्या, आशीर्वाद उभ्याउभ्याच झाला.

उत्तररंग मी कॉरिडॉरमध्ये केला. फेटा डोक्यावर, हातात पुलावाची प्लेट, आणि मागून ढोल सुरू झालेला. मी एकेका सिस्टरला गाठून सांगत होतो: एक वर्ष, एक नर्स, पावसाआधी. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलेलं नव्हतं, आणि मी पुढे काहीतरी गमतीचं बोलणार याची वाट बघत होत्या. जेव्हा कळलं की मी खरंच विचारतोय, तेव्हा त्या ओशाळल्या. कुणाच्या मुलाची बारावी होती. कुणी नोकरी सोडली तर व्हिसा जाणार होता आणि व्हिशाबरोबर नवऱ्याची राहायची सोय. कुणाची सासू नगरला अंथरुणाला खिळलेली होती. एकही कारण खोटं नव्हतं. मिरजेच्या सिस्टरने माझा हात धरला आणि म्हणाली, "भाऊ, फार वर्षांनी इतकी हसले. देव तुमचं भलं करो."

गाडी मुलगी चालवत होती. बायको पाठीला उशी लावून पुढे बसली होती, मी मागे फेटा मांडीवर घेऊन. शेख झायेद रोडला नेहमीसारखी गर्दी होती. मुलीने आरशातून माझ्याकडे बघून विचारलं, "पप्पा, कॅन आय आस्क समथिंग? द गोट. वॉज देअर ॲक्च्युअली अ गोट?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"आय ऑलवेज थॉट यू मेड इट अप. लाइक, ऑल ऑफ इट. द विलेज, द रिव्हर. इट्स सो फनी, इट डझन्ट साउंड लाइक अ प्लेस."

ती त्या गावात जन्मली आहे. तिच्या पासपोर्टवर, जन्मस्थानापुढे, त्या जिल्ह्याचं नाव छापलेलं आहे.

बायको समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "गावप्रमुखाने नाही दिली ती बकरी."

मी म्हटलं, "अगं, जाऊ दे."

"अहो, आता सांगू द्या मला." मग ती मुलीशी बोलली. आमचा तिथला पहिला पाऊस. एक बाई नदीपलीकडे जायला निघाली होती, पाठीला बांधलेलं मूल तापाने फणफणलेलं. नदी भरलेली, म्हणून परत फिरली आणि दवाखान्यात आली. तेव्हा तिथे फक्त पट्ट्या आणि आयोडीन होतं. औषधांची पेटी नदीच्या पलीकडेच अडकली होती. पहाटेपर्यंत मूल गेलं. बायकोने काही केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. ती नुसती त्या बाईशेजारी जमिनीवर बसून राहिली. नंतर, पाऊस उघडल्यावर, ती बाई बकरी घेऊन आली. तिची एकच होती. माझ्या मुलाजवळ बसलीस म्हणून, असं तिने सांगितलं. बायकोला ते मटण खाणं शक्य नव्हतं आणि बकरी परत करणं अपमानाचं झालं असतं. म्हणून ती बकरी जगली. बाप्तिस्म्याची भानगड नंतरची.

"आणि ती बाई म्हणजे मामा," बायको म्हणाली. "त्याच महिन्यात ती माझ्याकडे कामाला आली. तिनेच तुला पहिल्यांदा उचललं."

मॉलच्या वळणावर मुलीने विचारलं, "व्हॉट वॉज द बेबीज नेम?" बायकोने नाव सांगितलं. इतकी वर्षं मी त्या गोष्टीत पंचांची नावं घेतली, बकरीला तर तीन नावं दिली. ते नाव माझ्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं.

इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून मुलगी स्टिअरिंग धरून बसून राहिली. तिचं हॉस्पिटलशी नुकतंच नवं काँट्रॅक्ट झालं आहे, वर्षअखेरीस लग्न ठरलं आहे, आणि आईला डॉक्टरकडे नेणं-आणणं तीच करते.

"आय कान्ट गो, मम्मी," ती म्हणाली. "आय वॉन्ट टू वॉन्ट टू. बट आय कान्ट."

बायको म्हणाली, "मला माहितेय, बाळा. मी तुला जायला सांगत नव्हते." आणि दाराचा आधार घेऊन उतरायला लागली.

मी हरलो नाही, असं दाखवणं हा माझा धंदा आहे. पुढच्या आठवड्यात मी त्या ढोलवाल्या मंडळीच्या पाळकांना गाठलं. त्यांच्याकडे नर्स खूप होत्या. मी पूर्वरंग गाळून थेट मागितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यासाठी प्रार्थना केली आणि म्हणाले, "ब्रदर, अशाच गावांतून तर आम्ही इथे आलो." मी त्यांचे आभार मानले. मिशनला फोन केला. त्यांनी प्रार्थनेची आश्वासनं दिली. मिरजेला, जालन्याला ओळखीच्या हॉस्पिटलांत विचारलं. तिथे त्यांनाच नर्स मिळत नाहीत, कारण सगळ्या दुबईला येतात.

एवढ्यात आमच्या दाराशी पिशव्या येऊ लागल्या. मंडळीतल्या सिस्टर्सना वाईट वाटलं होतं. जुने कपडे, मुलांचे बूट, न वापरलेली भांडी, आणि कुणीतरी युरोप सहलीसाठी घेतलेले तीन लोकरीचे कोट. पाठवायचे कुणाबरोबर, हे कुणाला माहीत नव्हतं. आमच्या दिवाणखान्यात त्यांचा ढीग झाला. बायको त्या ढिगाला वळसा घालून, भिंत धरून, स्वयंपाकघरात जाते.

मामाला कळवणं माझ्याकडे आलं. बायको म्हणाली की तुम्ही बोला, तुम्हाला बोलता येतं. मी बाल्कनीत गेलो आणि फोनचं बटण दाबून धरलं. पहिल्यांदा पुसून टाकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला मी सांगितलं की अजून प्रयत्न चालू आहेत आणि पुढे, इथे सगळे म्हणतात तसं, इन्शाल्ला म्हणालो. मामाच्या देशाच्या किनाऱ्यावरही हा शब्द रोजचा आहे. तो कुठे देवासाठी वापरतात आणि कुठे माणसाची अब्रू झाकायला, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिचा निरोप चार-पाच दिवसांनी आला. आधी धापा, मग वारा. या खेपेला धापा बराच वेळ चालल्या. मग ती म्हणाली, "पोले, म्वालिमू." म्वालिमू म्हणजे मास्तर. आणि पोले हा शब्द तिकडे कुणाला ठेच लागली, कुणाच्या घरी माणूस गेलं, कुणाच्या डोक्यावरचं ओझं जड दिसलं की म्हणतात. चूक तुमची असो वा नसो. तुम्हाला त्रास होतोय हे मला दिसलं, एवढाच त्याचा अर्थ. कुलूप तिला लागणार होतं आणि पोले ती मला म्हणत होती. पुढे तिने विचारलं होतं की निदान लोक हसले का. मी बकरीची गोष्ट सांगितली असेल, अशी तिला खात्रीच होती. मुलाच्या बदल्यात आलेल्या त्या बकरीवर गावात सगळ्यात जास्त हसणारी बाई तीच होती.

मी तिला उत्तर पाठवलं की खूप हसले.

पाऊस सुरू व्हायच्या आधी सरकारी माणूस आला आणि कुलूप लावून गेला. मामा अजून रोज ओसरीवर जाऊन बसते. बाया येतात. ती हाताने चाचपून ताप बघते, पोट बघते, आणि नदी भरायच्या आत निघा, असं सांगते. हे तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं, मक्याच्या आणि बकऱ्यांच्या मधे सांगितलं. त्यानंतर तिचा निरोप आलेला नाही. पावसात वारूळ निसरडं होतं.

काल सेक्रेटरींचा फोन आला. नाताळच्या संमेलनाला आबूधाबीची मंडळीही येणार आहे आणि सगळ्यांची एकमुखाने मागणी आहे की बकरी पाहिजेच. ते चांगले गृहस्थ आहेत. मागच्या वेळचं त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. या वेळी हॉल पूर्ण संध्याकाळ आपलाच आहे, कुणी दार वाजवणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि विचारलं की शेवटी उत्तररंगासाठी थोडा वेळ वेगळा राखून ठेवू का.

मी म्हटलं, नको, आता त्याची गरज नाही. मग चिंच आहे का, म्हणून बायकोला विचारलं. झांजा पुन्हा काळ्या पडल्या होत्या.